इथं राहून आपण लेकराच्या जिवाशी खेळतोय का? वाळूजच्या एका आईची केस

संभाजीनगरकडच्या एमआयडीसीच्या आजूबाजूला राहणाऱ्या आया माझ्याकडं समुपदेशनाला आल्या की सुरुवात बहुतेक वेळा झोपेपासून होते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, स्वयंपाकात लक्ष नाही, उगाच लेकरांवर ओरडणं होतं. मग थोडं बसल्यावर खरं ते बाहेर येतं की मॅडम, इथं राहून आपण लेकराच्या जिवाशी खेळतोय का? वाळूज, रांजणगाव, जोगेश्वरी, चिकलठाणा, पैठण, कुठूनही आलेली असो, प्रश्न हाच. परळीकडची असली तर खराब पाण्याच्या जागी वीज केंद्राची राख येते, बाकी काळजी तीच.

आज त्यातल्या एकीबद्दल लिहिते, तिला विचारून, नाव आणि काही गोष्टी बदलून. संगीता म्हणू तिला.

संगीता गेवराईकडची. आधी नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जायचे, दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड घेऊन निघायचं ते पार उन्हाळ्यात परत. मोठी मुलगी आजीकडं राहून कशीबशी शिकली, पण मुलगा झाला तेव्हा संगीतानं हट्टच धरला की ह्याला फडावर, पाचटाच्या कोपीत वाढवायचं नाही, ह्याची शाळा सुटू द्यायची नाही. तिच्याच हट्टापायी ते वाळूजला आले, भाड्यानं एक खोली घेतली, नवरा ठेकेदारामार्फत एका छोट्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या शॉपमध्ये लागला. हे सगळं ती अभिमानानं सांगत होती आणि सांगता सांगता एकदम रडायला लागली, म्हणाली, "मीच आणलं मॅडम त्याला इथं. फडावर तर निदान पाणी चांगलं होतं."

झालं असं होतं की पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी पिवळसर यायला लागलं, त्याला वास यायचा. रात्री बारानंतर हवेतही उग्र वास. मुलाच्या हातापायावर खाजेचे चट्टे उठले. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये भोपाळची बातमी टीव्हीवर आली, १९८४ ला गॅस गळती झालेल्या त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा आता कुठं पिथमपूरला हलवला म्हणून. ती बातमी तिच्या मनात रुतून बसली. "चाळीस वर्षं तिथंच पडून होतं मॅडम, एवढे लोक मेले तरी. मग आपलं कोण हलवणार?" ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

मग तिचं चालू झालं ते असं, रात्री उठून हंड्यातलं पाणी हुंगायचं, मुलाचे कपडे हुंगायचे, त्याला दिवसातून दोन-तीनदा आंघोळ घालायची, बाहेर खेळू द्यायचं नाही, आणि दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर कॅन्सरचे, किडनीचे व्हिडिओ बघत बसायचं. घरचे वैतागले. सासू म्हणाली तुझ्याच डोक्यात केमिकल गेलंय. जवळच्या एका दवाखान्यात झोपेच्या गोळ्या दिल्या. माझ्याकडं आली तेव्हा तिचा पहिला सवाल होता, "खरं सांगा, मला वेड लागायलंय का?"

नाही. आणि हे मी तिला तिथल्या तिथं स्पष्ट सांगितलं. डोळ्याला पिवळं दिसणारं पाणी, नाकाला येणारा वास आणि लेकराच्या अंगावरचे चट्टे ह्याची काळजी वाटणं हा आजार नाही. उलट 'काही नाही गं, मनाचे खेळ आहेत' असं म्हणून तिला गप्प करणं मला चुकीचं वाटतं, कारण मग माणूस स्वतःच्या डोळ्या-नाकावरच अविश्वास दाखवायला लागतो आणि एकटा पडतो. पण दुसरी बाजू पण सांगितली. अमेरिकेत १९७९ साली थ्री माईल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, बाहेर पडलेला किरणोत्सर्ग तसा फार कमी होता असं नंतर निघालं, पण तिथं राहणाऱ्या लोकांच्या लघवीतली ताणाची हार्मोन्स वर्ष-दीड वर्षानं तपासली तरी लांबच्या गावातल्या लोकांपेक्षा जास्तच आली. म्हणजे पाण्यात काय आहे हा एक प्रश्न, आणि काय आहे ते न कळता रोज तिथंच राहायचं, त्याचा शरीरावर होणारा त्रास हा वेगळा प्रश्न. दोन्ही खरे. संगीता दोन्ही एकत्र डोक्यात घेऊन फिरत होती आणि दोन्हीचं उत्तर रात्री दोन वाजता मोबाईलमध्ये शोधत होती.

माझं पहिलं काम म्हणजे हे वेगळं करणं. जे तपासून कळू शकतं ते आधी तपासून घ्यायचं, त्यावर रात्र जाळायची नाही.

पाण्यापासून सुरू केलं. आपल्याकडं काळा पाषाण, पाणी त्यातल्या भेगा-भेगांतून चालतं, म्हणून शेजारच्या बोअरला चांगलं आणि आपल्या बोअरला खराब असं सर्रास होतं. त्यामुळं 'शेजारणीला काही होत नाही, तुलाच कसं' ह्या बोलण्याला काही अर्थ नाही हे तिला कळलं, आणि तेवढ्यानंच ती जरा सरळ बसली. भांड्यावर पांढरा थर बसतो त्याची पण तिला भीती होती, ते बहुतेक वेळा जड पाण्याचं लक्षण असतं, कंपनी असो नसो. आणि ती जे पाणी उकळून उकळून देत होती त्यानं जंतू मरतात, पण क्षार, नायट्रेट, धातू जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. हे ऐकून तिला धक्का बसला. पण अर्धवट खात्रीपेक्षा हे माहीत असलेलं बरं असं माझं मत आहे. जारचं पाणी पण जार आहे म्हणून शुद्ध असं नसतं, त्याचाही रिपोर्ट मागायचा.

ग्रामपंचायतीकडं पाणी तपासायचं एक किट असतं आणि गावातल्या काही बायकांना ते वापरायचं शिकवलेलं असतं, पण त्यात शिसं, क्रोमियम असले जड धातू कळत नाहीत. त्यासाठी मोठ्या लॅबला द्यावं लागतं, आणि देताना 'धातू पण तपासा' असं लिहूनच द्यावं लागतं, नाहीतर नेहमीच्याच तपासण्या होऊन कागद हातात येतो. भूजल सर्वेक्षणच्या लॅबमध्ये, जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत चौकशी करायला मी तिला सांगितलं. ती एकटी गेली नाही, खोलीच्या लाईनीतल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. हे मला रिपोर्टपेक्षाही महत्त्वाचं वाटलं.

रिपोर्ट आला तो 'सगळं ठीक' असा पण नव्हता आणि 'विष आहे' असा पण नव्हता. विरघळलेले क्षार पाण्याच्या मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, हिच्याकडं त्याच्याही वर. नायट्रेट ४५ च्या आत पाहिजे, ते पण जास्त. धातू त्या सॅम्पलमध्ये मर्यादेत. नायट्रेट हे खतातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून, शेणखताच्या ढिगातून पण येतं, म्हणजे सगळं खापर कंपन्यांवर फोडता येत नव्हतं आणि कंपन्यांना क्लीन चिट पण देता येत नव्हती. एक सॅम्पल म्हणजे त्या दिवसाचं पाणी. पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक असं बघावं लागतं. एवढं मात्र पक्कं झालं की हे पाणी पिण्याचं नाही, वापरायचं आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी भरायचं, शेजारणींनी पाळ्या लावून घेतल्या.

मुलाला त्वचेच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी औषध दिलं, चट्टे बरेच कमी झाले, पण कशामुळं झालं ते नक्की सांगता येणार नाही म्हणाले. 'नक्की सांगता येणार नाही' हे वाक्य अशा आयांना सगळ्यात जड जातं. कॅन्सर आहे म्हटलं तर माणूस लढायला तरी उभं राहतं, काही नाही म्हटलं तर झोपतं, पण हे मधलंच. संगीता त्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. आम्ही ठरवलं की काळजीला दिवसातली एक वेळ द्यायची, संध्याकाळी पाचला, मुलगा शाळेतून यायच्या आधी, वहीत लिहायचं की आज कशाची भीती वाटली आणि त्यातलं उद्या करता येण्यासारखं काय आहे. रात्री विचार आला की 'उद्या पाचला' म्हणून ठेवून द्यायचं. व्हिडिओ बंद, मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकाच्या ओट्यावर. ऐकायला साधं वाटतं पण हे जमायला तिला बरेच आठवडे लागले, मधे दोनदा सुटलं पण.

आता नवऱ्याचं सांगते, कारण मला वाटतं खरी गाठ तिथंच सुटली. ती म्हणायची ह्यांना काही पडलेलीच नाही, विषय काढला की उठून बाहेर जातात. मी त्याला एकदा घेऊन या म्हटलं. आला, बराच वेळ खाली बघत बसला आणि मग म्हणाला, "तिला वाटतं मला कळत नाही. मॅडम, मी रोज त्यातच हात घालतो." प्लेटिंगच्या टाक्यांवर काम, ग्लोव्ह्ज फाटलेले, हातांची कातडी सोललेली. घरात बोललं तर ही काम सोडायला लावेल आणि काम सोडलं तर पुन्हा कोयता, म्हणून तो गप्प. ती त्याच्या गप्प राहण्याला बेफिकिरी समजत होती. दोघं एकाच गोष्टीला घाबरत होते, वेगवेगळ्या कोपऱ्यात बसून. संगीतानं त्याचे हात त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले असावेत.

तिथून गोष्टी हलल्या. कामाच्या कपड्यावर, बुटावर बसलेलं घरात येतं आणि ते लेकरांपर्यंत जातं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आता तो कपडे तिथंच बदलतो, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग मुलाला उचलतो, ते कपडे वेगळे धुतात. ग्लोव्ह्जसाठी चार-पाच जणांनी मिळून ठेकेदाराकडं मागणी केली. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं पण कधी वापरलं नव्हतं, ते काढून हात दाखवून आला आणि डॉक्टरला काय काम करतो ते स्पष्ट सांगितलं, जे बहुतेक लोक सांगतच नाहीत.

संगीताच्या मनातला अपराध मात्र सगळ्यात हळू गेला, अजून पूर्ण गेलेला नाही. ती सारखी म्हणायची मीच आणलं त्याला इथं. मी तिला विचारलं की पाण्यात जे आहे ते तुम्ही सोडलं का? कुठल्या टाकीचं पाणी कुठं जातं हे बघायचं काम तुमचं होतं का? तुम्ही लेकराला शाळेत घातलं, तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलं. ज्यांच्या हातात बाकीचं होतं त्यांना एका आईनं रात्री जागून वाचवायची गरज नाही. मला ह्याचा मनापासून राग येतो की सांडपाणी कुणी सोडायचं, तपासायचं कुणी, आणि त्याची लाज मात्र खोलीत राहणाऱ्या बाईनं वाहायची.

तक्रारीचं पण बोललो. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी किंवा ऑनलाईन तक्रार देता येते, आणि आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी आपल्या माहितीपुरतं असतं, कायद्यात टिकतो तो मंडळाच्या माणसानं नियमानं घेऊन सील केलेला सॅम्पल, म्हणून 'येऊन सॅम्पल घ्या' अशीच मागणी करायची. पण ह्यात पण अडचणी आहेत, आणि त्या झाकून सल्ला देणं बरोबर नाही. खोलीमालक म्हणाला बोअरची बोंब केली तर खोली खाली करा. गावातले जे शेतीवाले आहेत त्यांना तक्रार पाहिजे, ज्यांच्या खोल्या भाड्यानं आहेत आणि ज्यांची पोरं कंपनीत आहेत त्यांना नको, आणि त्यावरून बोलाचाली बंद झालेली घरं आहेत. म्हणून तक्रार एकट्या भाडेकरू बाईच्या नावानं न देता बचत गटाच्या लेटरहेडवर, बऱ्याच जणींच्या सह्या घेऊन दिली. ती द्यायची की नाही हे मी ठरवलं नाही, त्यांनी ठरवलं.

मग गाव सोडायचं का, हा प्रश्न राहतोच. शहरातले लोक पटकन म्हणतात सोडून द्या की. कुठं जायचं? संगीताला परत जायचं म्हणजे फडावर जायचं आणि पोराची शाळा सोडायची. आम्ही हा प्रश्न नवरा-बायकोला समोरासमोर बसवून, पैशाचा हिशोब मांडून, दोन भेटींमध्ये घेतला. त्यांनी ठरवलं की मुलगी दहावी होईपर्यंत हलायचं नाही, तोपर्यंत नवरा दुसऱ्या लाईनचं काम बघेल, असेंब्लीचं किंवा पॅकिंगचं, आणि नळ असलेली खोली मिळाली तर थोडं भाडं जास्त देऊन तिकडं जायचं. पावसाळ्यानंतरच्या रिपोर्टमध्ये धातू वर आले तर मात्र वाट बघायची नाही, हे पण वहीत लिहिलं. अशी आधीच ठरवलेली ओळ असली की रोज रात्री नव्यानं ठरवावं लागत नाही.

आता संगीता महिन्यातून एकदा येते. गोळ्या डॉक्टरला विचारून हळूहळू बंद झाल्या. रात्री वास आला की ती अजून जागी होते, खिडकी लावते, वहीत तारीख-वेळ टाकते आणि बऱ्याचदा परत झोपते. मंडळाचा माणूस एकदा येऊन सॅम्पल घेऊन गेला, त्याचा रिपोर्ट मागायला माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते बचत गटातल्या दोघी शिकायल्यात.

तुमच्या घरात असं कुणी रात्र रात्र जागत असेल आणि जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. आणि पाण्याचा सॅम्पल द्यायला जाणार असाल तर जाण्याआधी लॅबला फोन करून बाटली कुठली पाहिजे ते विचारा, धातूंसाठी वेगळी लागते आणि जंतूंसाठी वेगळी.