वाचकांचे प्रश्न: ॲप नंतर घ्या, आधी डबा घेऊन ड्रिपरखाली बसा

ह्या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर निम्म्याच्या वर प्रश्न ऑटोमेशनचेच आलेत. सेन्सर, मोबाईल स्टार्टर, एआय, सोलर. सगळे घेणं शक्य नाही, पाच घेतलेत.

सर, आमचा वाळवा तालुक्यात २ एकर ऊस आहे, इनलाइन ड्रिप आहे. एक दिवसाआड ४ तास चालवतो. बारामतीच्या एआयबद्दल सगळीकडं ऐकतोय, आम्हीपण घ्यावं का? पाणी वाचेल का?

दादा, बारामतीचा प्रयोग खरा आहे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीनं तो केलाय, राज्य सरकारनंही २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं. ते करतं काय, तर सॅटेलाइटचे फोटो, हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर ह्यांची माहिती एकत्र करून मोबाईलवर सांगतं की आज पाणी द्या, इतकं द्या, ह्या कोपऱ्यात ऊस पिवळा पडतोय तिथं जाऊन बघा. चांगलंच आहे. पण तुमचा प्रश्न वाचून मला आधी तुमचा हिशोब करावासा वाटला, तो बघा.

५ फुटांची सरी, दीड-पावणेदोन फुटांवर ४ लिटरचा ड्रिपर असं धरलं तर एकरात पाच हजारांच्या वर ड्रिपर बसतात, म्हणजे तासाला साधारण २१ हजार लिटर. एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४ हजार लिटर. म्हणजे तुम्ही तासाला ५ मिलिमीटर देताय, ४ तासांत २० च्या वर. ऐन मे महिन्यातसुद्धा मोठ्या उसाला दिवसाला ६-७ मिलिमीटर पुरतं, दोन दिवसांचं १४ धरा. उरलेलं मुळांच्या खाली गेलं आणि जाताना तुमचा युरिया घेऊन गेलं. हे कळायला एआय लागत नाही, पाठकोऱ्या कागदावर होतं. अर्थात तुमचे ड्रिपर वेगळे असतील तर आकडे बदलतील, म्हणून एक काम करा, पहिल्या नळीचा पहिला आणि शेवटच्या नळीचा शेवटचा अशा दोन ड्रिपरखाली डबे ठेवा आणि ६ मिनिटं घड्याळ लावून बसा. ४ लिटरचा ड्रिपर असेल तर डब्यात ४०० मिली यायला पाहिजे. पहिल्यात ४०० आणि शेवटच्यात २५० आलं तर सेन्सर कुठं पुरणार सांगा? जिथं पुराल तिथलं खरं, बाकी शेताचं खोटं. आधी फिल्टर धुवा, लॅटरलची, म्हणजे ड्रिपरच्या नळ्यांची, टोकं सोडून फ्लश करा, त्यांना पाणी पुरवणाऱ्या सबमेन पाईपचं प्रेशर बघा. मग एआय घ्या, माझी काही हरकत नाही, आणि कारखान्यामार्फत गटानं मिळत असेल तर एकट्यानं घेऊ नका.

निफाडहून लिहितोय. ३ एकर द्राक्ष, भारी काळी जमीन. शेजाऱ्यानं हवामान केंद्र आणि मातीचे सेन्सर बसवलेत. आमच्या मुलाचा हट्ट आहे. पाण्यासाठी एवढा खर्च परवडेल का?

नुसत्या पाण्यासाठी म्हणाल तर बागायतदाराला कधी पाणी द्यायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं. द्राक्षात हे हवामान केंद्राचं डबडं पैसे फेडतं ते फवारणीत. पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सर त्यात असतो, त्यावरून आणि तापमानावरून डाऊनी म्हणजे केवडा रोग येणार की नाही ह्याचा अंदाज निघतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ आलं की आपण भीतीपोटी फवारतो, शेजारी फवारतोय म्हणून फवारतो, त्यातल्या दोन-चार फवारण्या जरी टळल्या तरी हिशोब बघा आणि एक्स्पोर्टला जाणारा माल असेल तर रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, टेन्शनही कमी.

आता मातीचा सेन्सर. भारी काळ्या जमिनीत तो काळजीनं बसवावा लागतो. ही जमीन वाळली की भेगाळते, भेग नेमकी सेन्सरजवळून गेली की मातीचा आणि त्याचा संबंध सुटतो आणि तो बोंबलत बसतो की शेत कोरडं आहे. म्हणून माती कालवून चिखलासारखी करून त्यात बसवायचा, ड्रिपरपासून वीतभर बाजूला, एक वरच्या मुळांशी आणि दुसरा फूट-दीड फूट खाली. खालच्याकडं जास्त लक्ष द्या, पाणी दिल्यावर खालचा आकडा पण लगेच चढला म्हणजे जास्त झालं. टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती ताकदीनं धरून आहे ते दाखवणारी पाण्याची नळी, घेतला तर स्वस्तात पडतो पण माती वाळून आकडा ८० सेंटिबारच्या वर गेला की तो कामाचा नाही, त्यात हवा शिरते.

आणखी एक, हे मुलाला आवर्जून सांगा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांच्या सुमारास सूक्ष्मघड निर्मितीच्या वेळी, म्हणजे डोळ्यात पुढच्या घडांची सुरुवात होताना, आपण मुद्दाम पाणी तोडतो. मशीनला ते माहीत नसतं, ते म्हणणार पाणी द्या पाणी द्या. छाटणीची तारीख आणि पिकाची अवस्था ॲपमध्ये भरलेली नसेल तर ऑटोवर टाकून मोकळं होऊ नका, नाहीतर वेल हिरवागार आणि घड शोधावे लागतील.

मिस्टर पुण्याला नोकरीला, शेत मी आणि सासूबाई बघतो. थ्री फेज कधी रात्रीची येते, विहीर लांब आहे, अंधारात जायची भीती वाटते, बिबट्या पण दिसलाय. मोबाईल स्टार्टर घ्यावा का? दीर म्हणतात साधा ऑटोस्विच लाव, शंभर भानगडी नकोत.

ताई, पहिला खर्च हाच करा, सेन्सर-बिन्सर सगळं नंतर. दिरांना सांगा ऑटोस्विच नको. तो लाइट आली की मोटर आपोआप चालू करतो, त्यामुळं डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते आणि डीपी जळते, मग आठवडाभर सगळा शिवार कोरडा. महावितरण कायम सांगतं ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा, ते बरोबरच सांगतं. मोबाईल स्टार्टरमध्ये लाइट आल्यावर किती मिनिटांनी चालू व्हायचं ते लावता येतं, डीपीवरच्या लोकांनी बोलून वेळा मागंपुढं ठेवल्या तर डीपी वाचते.

घेताना तीन गोष्टी बघा. एक फेज गेली तर मोटर बंद करतो का, विहिरीचं पाणी संपल्यावर कोरडी चालू देत नाही ना, आणि सिम कुठलं चालतं. बरेच जुने बॉक्स टूजीवरच चालतात, त्यात टूजी नेटवर्कच नसलेल्या कंपनीचं सिम घातलं की झालं, बॉक्स मुका. विहिरीपाशी उभं राहून तुमच्या फोनला रेंज येते का ते आधी बघा. आणि मोटर चालू झाली असा मेसेज आला म्हणजे पाणी शेतात पोचलं असं नाही, पाईप निसटला असेल तर रात्रभर ओढ्याला पाणी जाईल आणि मोबाईल म्हणेल सगळं ओके. शक्य असेल तर मेन लाइनला प्रेशर स्विच बसवून घ्या, प्रेशर पडलं की मोटर बंद.

ऑटोमेशनला अनुदान मिळतं का?

ठिबकला मिळतं. केंद्राचं ५५ टक्के अल्प-अत्यल्प भूधारकांना आणि ४५ टक्के इतरांना, त्यावर राज्याची भर पडून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं, ५ हेक्टरची मर्यादा. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडू नका, दरवर्षी लोक ह्यातच अडकतात. कंट्रोलर-सेन्सरचा खर्च मात्र स्वतःच्या खिशातून धरूनच बजेट करा, डीलर काहीही सांगो.

जालना जिल्हा, मोसंबी ४ एकर. मागेल त्याला सौर पंपमधून ५ एचपी सोलर मिळाला. त्यावर टायमरचे ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बसवले, पण एका प्लॉटला पाणी जास्त एकाला कमी होतंय. कंपनीवाला म्हणतो सगळं बरोबर आहे.

व्हॉल्व्ह बरोबर असतील, टायमर चुकतोय. विजेच्या मोटरीवर एक तास म्हणजे एक तासाचं पाणी, सोलरवर तसं नसतं ना. सकाळी ८ च्या तासात आणि दुपारी १२ च्या तासात पाण्याचा फार फरक पडतो, वर ढग आला की आणखी वेगळं. तुमचा पहिला प्लॉट रोज कोवळ्या उन्हात भिजतोय, तो उपाशीच राहणार. त्यातून सकाळी प्रेशर कमी असलं की डायफ्रामचे व्हॉल्व्ह धड उघडत नाहीत, धड बंद होत नाहीत, थोडं थोडं पाणी चुकीच्या प्लॉटला जात राहतं.

पल्स देणारा, म्हणजे ठरावीक लिटर गेले की कंट्रोलरला इशारा पाठवणारा, वॉटर मीटर मेन लाइनला बसवा आणि कंट्रोलर वेळेवरून काढून लिटरवर टाका, इतके हजार लिटर झाले की पुढचा व्हॉल्व्ह. तुमच्या कंट्रोलरला मीटरची वायर जोडायची सोय आहे का ते आधी बघा, बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते पण बसवणारा जोडत नाही. पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यावरच आधीचा बंद होईल असं सेटिंग ठेवा आणि शेवटचा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधी पंप बंद, नाहीतर पाईप फुटेल. तोवर काही खर्च न करता प्लॉटचा क्रम रोज फिरवा, आज ज्याला सकाळ मिळाली त्याला उद्या दुपार. आणि व्हॉल्व्हच्या वायरी उघड्यावर असतील तर पाईपात घालून घ्या, उंदरांना फार आवडतात.