वडलांच्या नावावरचा हप्ता

प्रश्न: अण्णा मागच्या वर्षी वारले, मंगळवेढ्याचं ज्वारीचं रान आता वारसानं माझ्या नावावर झालंय. पीएम किसानचा फॉर्म भरायला गेलो तर सेंटरवाला म्हणतो 2019 नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही. अण्णांच्या खात्यात मात्र हप्ते येतायत, एटीएम माझ्याकडंच आहे, काढू का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: काढू नका राव! माणूस गेल्यावर आलेले हप्ते सरकार परत मागतं, आज दोन हजार गोड लागतील पण वसुलीची नोटीस आली की जड जातं, त्यापेक्षा मृत्यूचा दाखला घेऊन तालुका कृषी कार्यालयात कळवा आणि अण्णांची नोंद बंद करून घ्या.

सेंटरवाल्यानं अर्धंच सांगितलं. 1 फेब्रुवारी 2019 ची अट विकत घेतलेल्या जमिनीला आहे, वारसानं आलेल्याला नाही, म्हणून वारसाचा फेरफार आणि नवा सातबारा फॉर्मला जोडाच. सोबत फार्मर आयडी, ई-केवायसी आणि आधार लिंक असलेलं खातं लागतं (लिंक म्हणजे डीबीटीसाठीचं, सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठीचं, नुसती आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे झालं असं नाही, बरेच जण इथंच अडकतात). इन्कम टॅक्स भरत असाल किंवा बायको आधीच हप्ता घेत असेल तर मात्र विषय संपला.

राज्याच्या नमो शेतकरीचा वेगळा फॉर्म नसतो, पीएम किसानला पात्र झालात की तेही वर्षाला 6000 चालू होतात.