क्लच कधी बदलायचा? कॅम्परवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : जुनी सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करून घेतला. मीटरवर १ लाख ८० हजार किलोमीटर आहेत आणि क्लच कधी बदलला याची नोंद नाही. जुलैत मनाली–लेहला जायचं आहे. मिस्त्री म्हणतात, आत्ताच बदलून टाका. बदलू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या किलोमीटरवरून बदलू नका. क्लचची प्लेट झिजते ती गाडी उचलताना आणि अर्धा क्लच धरून ठेवल्यावर; हायवेवर पाचव्या गिअरमध्ये ती जवळपास झिजतच नाही. शहरात शाळेच्या फेऱ्या मारलेल्या गाडीचा क्लच लाखाच्या आत संपतो, लांबच्या भाड्यावर धावलेल्या गाडीचा दोन लाखांनंतरही धडधाकट असतो. तुमची गाडी आधी कशावर होती, ते जुन्या मालकाला जरूर विचारा.

मग चाचणी घ्या, पण पाण्याच्या टाक्या भरून आणि सगळं सामान चढवून. रिकाम्या गाडीत कमकुवत क्लचही पास होतो. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वरच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेऊ शकत नाही, त्यामुळे इंजिनाचा सगळा जोर क्लचवर टिकून राहतो. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीने वाढले तर प्लेट धरते आहे. काटा झरकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर ती घसरते आहे. जळका वास आला तर शंकाच नको.

'पेडल बरंच वर आल्यावर क्लच लागतो, म्हणजे संपला' हा नियम केबलच्या क्लचचा. ट्रॅव्हलरचा क्लच हायड्रॉलिक आहे. प्लेट झिजली तरी पेडल फारसं बदलत नाही. गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्सला, करकर होत असेल तर आधी क्लच ऑइलची पातळी, गळती आणि स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) पाहा. तो दोष बहुधा प्लेटचा नसतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे वाया खर्च.

घसरण दिसली तर लेहला तसंच जाऊ नका. वाटेतली 'तांगलांग ला' ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. विरळ हवेत टर्बो दाब धरेपर्यंत डिझेल इंजिन अशक्त असतं, आणि चढावर गाडी उचलायला अर्धा क्लच जास्त वेळ धरावा लागतो. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली की रिव्हेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या ज्या चाकावर प्लेट दाबली जाते त्याला) चरे पाडतात. घसरण नसेल, उचलताना थरथरही नसेल, तर मी गाडी उघडणार नाही. गिअरबॉक्स दुसऱ्या कामासाठी उतरला, तर मात्र तेव्हाच बदला. मजुरीचा मोठा भाग तो उतरवण्या-चढवण्याचाच असतो.

बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) एकत्र घ्या. पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच वेळी. सील गळलं तर नवी प्लेट ऑइलने भिजून थरथरायला लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का, ते स्वतः उभं राहून पाहा. डाग हलके असतील तर लेथवर फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं), तडे खोल असतील तर नवंच. स्प्लाइनला (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांना) ग्रीस अगदी पातळ लावायला सांगा. जास्तीचं ग्रीस उडून प्लेटवर जातं.

आणि एकदा वजनकाट्यावर जाऊन या. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात बॅटऱ्या, फर्निचर, छतावरचा एसी. आरसी बुकातल्या वजनापेक्षा गाडी जड भरली, तर नवा क्लचही लवकर जाईल.

प्रश्न : क्लच दाबला की घरघर येते, सोडला की थांबते. प्लेट गेली का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, हे बहुधा रिलीज बेअरिंग. उलट असेल, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. रिलीज बेअरिंग फुटलं तर प्रेशर प्लेटची बोटं (ते ज्यांना दाबतं त्या पट्ट्या) खातं, म्हणून दोन-तीन महिने ढकलू नका. आणि गाडी चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. हे बेअरिंग त्यानेच लवकर जातं.