पाचशेच्या स्टँपवरची फारकत

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची आहे. चौदा महिने मी माहेरी, वाई तालुक्यात राहते. नवरा पिंपरीला असतो. मध्यंतरी दोन्हीकडची माणसं बसली आणि पाचशेच्या स्टँपवर फारकत लिहून नोटरी केली. सासरचे म्हणतात, झालं, मोकळी झालीस. त्याच्यासाठी मुली बघणंही सुरू आहे. मला कोर्टातून रीतसर सुटायचंय. सुरुवात कुठून करू? वकिलाला द्यायला पैसे नाहीत. — एक वाचक

उत्तर : ताई, तुमचा कागद न बघताच सांगते त्यात काय असेल. ‘आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...’ आणि खाली दोन्हीकडच्या मामांच्या सह्या. असे कागद माझ्या टेबलावर इतक्यांदा आलेत की मजकूर पाठ झालाय. नोटरीचा शिक्का म्हणजे सही तुमचीच आहे एवढंच. त्यानं लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीनं काडीमोड होतो आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ती रूढी राखलीय, पण ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. बाकी सगळ्यांना कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. त्याआधी त्यानं दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, वर गुन्हा.

पण कागद फाडू नका! तुम्ही कधीपासून वेगळे राहता ते त्यात लिहिलं असेल, तर तोच पुरावा कामाला येईल.

आता त्यालाही सुटायची घाई आहे, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. कलम 13-ब खाली दोघांनी मिळून संमतीचा अर्ज करायचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं आणि पुन्हा दोघांनी ‘हो’ म्हणायचं. तोवर कुणीही मागं फिरू शकतं. वेगळं राहून दीड वर्ष झालं, समेटाची आशा उरली नाही आणि पैशाचं, मुलीचं सगळं मिटलं असलं, तर हे सहा महिने माफ करून मागता येतात. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये तशी वाट दिलीय, पण माफी न्यायाधीशांच्या मर्जीवर.

म्हणून सही करण्याआधी मिटवून घ्या. माहेरचं-सासरचं मिळून तुम्हाला घातलेलं सोनं हे स्त्रीधन, ते तुमचंच. वहीत एकेक डाग लिहून काढा : गंठण किती तोळ्यांचं, कुणी घातलं, आता कुणाच्या कपाटात आहे. लग्नाच्या फोटोत अंगावर दिसत असेल तर तो फोटो बाजूला काढा. फारकतीत ‘पोटगी मागणार नाही’ असं लिहून दिलं असलं, तरी मुलीचा हक्क त्यानं बुडत नाही. आईनं लिहून दिलं म्हणून लेकराचा घास सुटत नसतो.

तो अडून बसला तर कलम 13 खाली एकटीनं अर्ज करता येतो. तिथं छळ वगैरे कारण सिद्ध करावं लागतं, वेळ जातो, पण अर्जासोबत कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागता येते. पिंपरीला हेलपाटे घालायची गरज नाही. 2003 च्या दुरुस्तीपासून बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज देता येतो.

वकिलाचं म्हणाल, तर बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे 1987 च्या विधी सेवा कायद्यातच आहे. अडलं तर 15100 वर फोन लावा. वाईच्या न्यायालयात जाऊन तालुका विधी सेवा समिती कुठं बसते ते विचारा. अर्ज तिथंच द्यायचा की साताऱ्याला, तेही तिथं कळेल. जाताना लग्नपत्रिका, लग्नाचे दोन फोटो, नोंदणी केली असेल तर दाखला, मुलीचा जन्मदाखला, आधार आणि ती फारकत न्या. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद मात्र कुणाच्या हातात देऊ नका, मामांच्यासुद्धा नाही.