आधी हाक, मग पाऊल

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीत गॅसने माणूस पडला, त्याबद्दलचा तुझा मेसेज रात्री वाचला. फोनवर दोन ओळींत संपणारं हे नाही, म्हणून पत्र.

तू विचारलंस, ‘काका, मी उतरायला हवं होतं का?’ नाही. उत्तर एवढंच आहे. तरी पुढे लिहितोय, कारण रात्री त्या माणसाच्या बायकोचे शब्द आठवले की तू पुन्हा डळमळशील. ‘माझा माणूस आत पडला होता आणि तू वर बघत उभी होतीस,’ असं ती म्हणाली. तिला उलट बोलू नकोस. तिचा नवरा अजून हॉस्पिटलात आहे, तिने काहीही म्हणावं. पण कॅन्टीनमध्ये जे म्हणतायत, ‘पोरगी होती म्हणून घाबरली, पोरगा असता तर उतरला असता,’ त्यांना माझ्याकडून सांग: उतरला असता, आणि वर आला नसता.

बघत उभी होतीस? तुझ्याच मेसेजमध्ये काय लिहिलंयस ते पुन्हा वाच. माणूस शिडीखाली कोसळलेला दिसला. तू ओरडलीस. धावत जाऊन भोंग्याचं बटण दाबलंस. कंट्रोल रूमला टाकीचं नाव आणि ‘आत एक माणूस’ एवढंच सांगितलंस. परत आलीस तेव्हा दोन हेल्पर शिडीवर पाय टाकायच्या बेतात होते, त्यांना आडवी झालीस. ब्लोअरची होज मॅनहोलातून आत सोडून ताजी हवा चालू केलीस. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरातून श्वासाला हवा देणारा संच, घातलेली दोघं येईपर्यंत दहा-अकरा मिनिटं तू त्या तोंडाशी कुणाला फिरकू दिलं नाहीस. तो माणूस आज जिवंत आहे तो त्या हवेमुळे. आणि ते दोन हेल्पर घरी गेले ते तुझ्यामुळे. त्यांच्या घरचं कुणी तुला येऊन काही म्हणणार नाही, कारण त्यांच्या घरात काही घडलंच नाही. आपल्या कामाचं हे असंच असतं.

आधी हाक, मग पाऊल. तुला ट्रेनिंगला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू ते केलंस. मग आता कशाला विचारतेस?

सल्फाइडचं सांडपाणी आधीच टाकीत होतं आणि वरून कुठल्या तरी प्लांटने ॲसिडचं पाणी सोडलं. या दोघांची गाठ पडली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो हे तुला बी.एस्सी.ला शिकवलंय, मी सांगायला नको. पुस्तकात ठसत नाही ती गोष्ट नाकाची. थोडा गॅस असला की कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि माणूस सावध असतो. शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसच्या शंभर भागांच्या, पुढे नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून लोक उतरतात. त्यात हा हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. पडलेल्याच्या काखेत हात घालायला वाकलीस की तुझं तोंड नेमकं त्याच थरात. आणि कॅनिस्टरचा मास्क लावून उतरायचं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. ऑक्सिजन कमी असेल तिथे तो मास्क काही कामाचा नाही, तो हवा गाळतो, हवा देत नाही.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवून ठेवलंय की बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक हे दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते. मूळ कामासाठी उतरलेले नव्हेत. मला तो आकडा वाचून आश्चर्य वाटलं नाही. कोकणात राहणाऱ्याला वाटूही नये. मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायला एक उतरतो, त्याच्यामागे भाऊ, भावामागे शेजारी. बोटीच्या खणात कुजलेल्या मासळीवर खलाशी उतरतो आणि त्याला काढायला दुसरा. बंदरावरच्या जुन्या माणसांना विचार. भेकड माणसं असती तर एकच मेला असता.

आता ज्या गोष्टीचा मला खरंच राग आला ती. तू लिहितेस, ‘साहेब म्हणाले, भोंगा द्यायच्या आधी मला फोन करायला हवा होतास, बाहेर गावात गडबड झाली.’ आणि त्याखाली तू लिहिलंयस की कदाचित त्यांचंही बरोबर असेल. नाही! बरोबर नाही. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा वाजवून लगेच बंद केला होता. बारीकसारीक गळतीला लोकांनी उगाच घाबरू नये, अशी तिथली पद्धत होती. तो पुन्हा वाजला तोवर वायू झोपलेल्या घरांत शिरला होता. त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात नवं प्रकरण घातलं गेलं. कोणता धोका आहे आणि तो आला तर काय करायचं, हे कामगारांनाच नव्हे तर आजूबाजूच्या लोकांनाही सांगणं मालकावर बंधनकारक झालं. त्यातल्याच ४१-एच कलमाने कामगाराला हक्क दिला की जिवाला धोका आहे असं सकारण वाटलं तर त्याने ते व्यवस्थापनाला सांगावं आणि त्याच वेळी सरकारी कारखाना निरीक्षकालाही कळवावं. परवानगी मागून नव्हे. हजारो माणसं मेल्यावर कायद्यात लिहिलेली ही ओळ आहे, आणि तुझे साहेब गावात गडबड झाली म्हणतात. झाली तर होऊ दे. भोंगा खोटा ठरला तर ठरू दे. शंभर वेळा खोटा ठरला तरी एकशे एकाव्या वेळी तूच दाब, कुणाला न विचारता.

आधी हाक. साहेबांच्या फोनच्या आधी, व्हॉट्सॲप ग्रुपच्या आधी, आत कोण आहे हे वाकून बघण्याच्याही आधी.

आता माझं सांगतो. तुझ्या बाबांना ठाऊक आहे, तुला बहुधा नाही. पावसाचे दिवस होते, मी शिफ्टला होतो. पंपाच्या खड्ड्यात एक फिटर पडला. त्याचा धाकटा भाऊ त्याच शिफ्टला, बाजूच्याच प्लांटवर. भोंगा ऐकून पळत आला आणि सरळ खड्ड्याकडे गेला. मी त्याला पट्ट्याला धरलं. तो माझ्यापेक्षा दांडगा. त्याने मला मारलं, शिव्या दिल्या, रडला, पाया पडला. मी सोडलं नाही. बीए सेट कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि चावी गेटवर. ते कुलूप काढा म्हणून मी आधी दोनदा लेखी दिलं होतं. सेट चोरीला जाईल, असं उत्तर मिळालं होतं. चावी आली, सेट चढवला, थोरल्याला वर काढलं. तो गेला होता.

धाकटा आजतागायत माझ्याशी बोललेला नाही. शिमग्यात पालखी नाचवायला तो पुढे असतो. माझ्या अंगणात पालखी येते तेव्हा खांदा दुसऱ्याला देऊन तो रस्त्यावरच थांबतो. त्याची आई जिवंत होती तोवर तिला वाटायचं, मी सोडलं असतं तर दोघं वर आले असते. लोकांनाही वाटलं. काहींनी मला तोंडावर सांगितलं. मी दर वेळी तेच उत्तर दिलं आणि आज तुलाही देतो: सोडलं असतं तर त्या घरातून दोन तिरड्या निघाल्या असत्या. त्या खड्ड्यातली हवा मी नंतर मोजली होती. मीटरवर जे दिसलं त्यात कुणीही दुसरा श्वास घेतला नसता. धाकट्याचं पुढे लग्न झालं, त्याची मुलगी आता कॉलेजात जाते. मला हे सारखं सांगावं लागतं याचा त्रास होतो, पण मी सांगत राहणार. मला खंत त्या कुलपाची आहे. पट्टा धरल्याची नाही, कधीच नव्हती.

म्हणून तुझ्या टाकीपाशी बीए सेट किती मिनिटांत आला याचा हिशेब तू मागायला हवास. दहा-अकरा मिनिटं फार आहेत. सेट कुठे ठेवलेत? ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, आत भिंतीला टांगले असतील तर गॅस सुटल्यावर ते आणायला जाणार कोण? बाहेर हवेत, कुलपाशिवाय, दोन वेगवेगळ्या दिशांना हवेत. तिथे हार्नेस, दोर आणि तिवई हवी, म्हणजे आत न उतरता माणूस वर ओढता येतो. तीनशे बार दाबाने हवा भरलेला सिलिंडर कागदावर अर्धा-पाऊण तास पुरतो, पण धापा टाकत माणूस ओढताना तो फार लवकर संपतो, हे सेट घालून पळल्याशिवाय कुणाला पटत नाही. ड्रिल रात्रपाळीला, पावसात, लाइट घालवून करा म्हणावं. दुपारी खारा वारा दर्याकडून येतो, रात्री मतलई उलटा वाहतो. मग जमायची जागा गेटपाशी एकच कशी चालेल? आणि हजेरी घेताना कंत्राटी माणसांची नावं टाइम ऑफिसच्या मस्टरवर नसतात. ती गेटवरच्या वहीतून घ्यावी लागतात. नाहीतर आत कोण राहिलं हे कुणालाच कळत नाही.

आपल्याकडे हे सगळं जास्त नेटाने करावं लागतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली होते, वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला. अशा दिवशी गॅस सुटला तर बाहेरून बंब येणार नाही, ॲम्ब्युलन्स येणार नाही. शेजारच्या कारखान्यातली माणसं आणि खालच्या वाडीतली पोरं, एवढीच मदत. त्यांनाही हाक ऐकू जायला हवी आणि ऐकल्यावर कुठे पळायचं आणि कुठे नाही हे आधी माहीत हवं. साहेबांना गावातली गडबड नको असेल तर त्यांनी गावात जाऊन बसावं, भोंगा म्हणजे काय ते समजावून सांगावं.

पुण्याच्या लॅबची नोकरी घ्यायची तर घे. पगार बरा आहे, आईला बरं वाटेल. पण कॅन्टीनमधल्या बोलण्याला कंटाळून जाणार असशील तर मला ते आवडणार नाही, हे स्पष्टच सांगतो. त्या शिफ्टला तुझ्यानंतर जो कोणी येईल तो हे सगळं ऐकून येईल, आणि पुढच्या वेळी माणूस पडला की भेकड ठरू नये म्हणून उतरेल. ते मला सहन होत नाही.

गुरुवारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी तुझा जबाब घेणार आहेत ना? त्याआधी रविवारी घरी ये. मसुदा घेऊन ये. त्यात ‘मी आत उतरले नाही’ असं वाक्य लिहिलं असशील तर खोडून टाक. काय केलंस तेवढं लिही, मिनिटामिनिटाने: किती वाजता ओरडलीस, किती वाजता बटण दाबलंस, कंट्रोल रूमला काय शब्द सांगितलेस, ब्लोअर कधी चालू झाला, सेट कुठून आले आणि किती वाजता. त्या दिवशीचं एन्ट्री परमिट, म्हणजे टाकीत उतरायची लेखी परवानगी, कुणी सही केलं होतं आणि गॅसटेस्टचा रकाना भरला होता का, हेही. परमिटची प्रत मिळत असेल तर सोबत आण. बाबांनाही घेऊन ये, त्यांना ते खड्ड्यातलं मीटर आठवतं. जेवायलाच या.

काका