लिनक्सवर जुन्या सीडीतल्या रार आणि एस फाइली मुक्त सॉफ्टवेअरने उघडता येतील का?

तुमचं दुखणं असं, की काकांच्या सीडीवर गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता आहेत. एक रार फाइल (अनेक फाइली दाबून एकात बांधलेलं गाठोडं), तिचेच .आर०० आणि .आर०१ असे तुकडे, आणि फोटोंची एक .एस फाइल (ए, सी, ई; हेही तसंच गाठोडं). लिनक्स मिंट डबल क्लिकला दाद देत नाही, आणि तुम्हाला विंडोजचा विनरारही नको, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइनही नको. उघडतील. मी गोव्यातल्या फोंड्याचा. आमच्या नाट्यमंडळाची असलीच एक पेटी मी गेल्या चवथीच्या सुट्टीत उपसली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आज्ञा इथे उच्चाराने देतोय, टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या.

आधी सीडी. ती उजेडापुढे धरा. आपल्याकडच्या पावसात वीस वर्षं कपाटात पडलेल्या सीडीला आतून बुरशी धरते. झाडाच्या मुळांसारख्या बारीक रेघा दिसतात. माझ्या एका सीडीत दिसल्या. अशी सीडी थेट उघडून फाइल ओढत बसू नका, ड्राइव्ह कर्रकर्र करत राहतो आणि हाती काही लागत नाही. डीडीरेस्क्यू या आज्ञेने अख्ख्या सीडीची एकच आयएसओ प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली फाइल, करून घ्या. मिंटमध्ये पॅकेजच्या नावाआधी एक जादा 'जी' आहे, नाहीतर शोधत बसाल. तो प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो आणि खराब जागी नंतर पुन्हा पुन्हा जातो. शेवटी नकाशाची फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा, सीडी परत पाकिटात.

मग फाइल खरंच काय आहे ते बघा. नावावर जाऊ नका, डीटीपीवाले वाटेल ते नाव द्यायचे. 'फाइल' ही आज्ञा सुरुवातीचे बाइट वाचून सांगते. रार असेल तर पहिली चार अक्षरं 'आर, ए, आर' आणि उद्गारचिन्ह अशी असतात. त्यापुढच्या खुणेवरून जुनी रार की २०१३ साली विनरार ५ बरोबर आलेली नवी, तेही कळतं. तुमची जुनीच असणार.

आता मुख्य हत्यार: 'अनार'. यू, एन, ए, आर. डाळिंबाशी संबंध नाही. पॅकेजही त्याच नावाचं. डाग ऑग्रेन यांनी मॅकसाठी लिहिलेल्या अनआर्काइव्हर या प्रोग्रामचा हा टर्मिनलवर चालणारा भाऊ. त्याचा परवाना एलजीपीएल, म्हणजे खरोखर मुक्त. रार उलगडण्याचा कोड त्यात स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. आधी 'एल, एस, ए, आर' ही जोडआज्ञा चालवून आत काय आहे ते बघा, मग अनार. तुकडे असतील तर सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा आणि आज्ञेला फक्त पहिला द्या. इथे बहुतेक जण फसतात. .आर०० हा पहिला तुकडा वाटतो, पण जुन्या पद्धतीत पहिला .रार, मग .आर००, मग .आर०१. मी अर्धी संध्याकाळ .आर०० देत बसलो होतो.

मिंट मुळात नाही का म्हणतं, तेही सांगतो. रार हा युजीन रोशाल यांचा १९९३चा फॉरमॅट. फाइल उलगडणाऱ्या 'अनरार'चा सोर्स कोड ते सगळ्यांना देतात, पण अट घालतात, की तो बघून रार करणारा प्रोग्राम लिहायचा नाही. कोड उघडा, पण मुक्त नव्हे. म्हणून मिंटच्या मुळाशी असलेलं डेबियन त्याला 'नॉन-फ्री' कप्प्यात ठेवतं. सेव्हनझिप एरवी चांगला आहे, पण डेबियनने त्यातूनही रारचा भाग काढून वेगळ्या पॅकेजात टाकलाय. परिणामी नुसतं सेव्हनझिप बसवलं तर तो म्हणतो, ही आर्काइव्हच नाही, आणि माणसाला वाटतं फाइल गेली. फाइल गेलेली नसते. दुसरा मुक्त पर्याय म्हणजे लिबआर्काइव्ह या लायब्ररीचा बीएसडीटार. विंडोज ११ला २०२३ साली रार उघडता येऊ लागली ती याच लायब्ररीच्या जोरावर. साध्या रारसाठी तो चालेल, पण तुकडे किंवा पासवर्ड असेल तर मी अनारच वापरतो.

मुक्त साधनं एका ठिकाणी खरंच कमी पडतात. सीडी खराब असल्याने रार फाइलच तुटली असेल आणि बनवणाऱ्याने तिच्यात दुरुस्तीची नोंद ठेवली असेल, तर ती वापरून फाइल जोडायचं काम मूळ कंपनीचा रार प्रोग्रामच करतो. तेव्हा तत्त्व बाजूला ठेवा, संहिता वाचवा.

एस जरा वेगळी. हा जर्मनीतला फॉरमॅट, एके काळी लोकप्रिय होता, आता मेला. त्याची उलगडण्याची लायब्ररी बंद, सोर्स खुला नाही. २०१९ साली तिच्यातलं सुरक्षेचं एक भोक जाहीर झालं: मुद्दाम बनवलेली एस फाइल उघडली की ती विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात हवं ते टाकू शकत होती. विनरारवाल्यांकडेही तो कोड नव्हता, दुरुस्त काय करणार? त्यांनी एसचा आधारच काढून टाकला. म्हणजे आज नवा विनरार घेतलात तरी तुमचे फोटो त्याने उघडणार नाहीत. उघडेल ते 'एसफाइल', शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं मुक्त पॅकेज. नव्या मिंटमध्ये पायथनची पॅकेजं बसवणारं पिप नुसतं वापरलं तर सिस्टिम अडवते, पिपएक्सने बसवा. मग 'एसफाइल', आडवी रेघ, 'अनएस' अशी आज्ञा मिळते. हळू आहे. फोटोंची मोठी फाइल असेल तर चालू करून जेवायला जा.

आमच्या पेटीत एक .सिट फाइलही होती. छापखान्यात मॅक होता, तिथलं फाइली दाबणारं स्टफइट. तीही अनारनेच उघडली, पण बाहेर प्रत्येक फाइलजवळ .आरएसआरसी शेपटीची एक जोडीदार फाइल आली. कचरा समजून मी ती पुसणारच होतो. जुन्या मॅकवर फॉन्ट त्या जोडीदारातच राहायचा. आमचा देवनागरी फॉन्ट तिथेच निघाला.

हे तुम्हालाही लागेल, कारण फाइल उघडली म्हणजे नाटक वाचता आलं असं नाही. २००० सालच्या आसपासचं डीटीपी युनिकोडमध्ये नाही. संहिता उघडल्यावर 'प्रवेश पहिला'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. घाबरू नका, मूळ फॉन्ट बसवला की मजकूर दिसतो, आणि फॉन्टचं नाव कळलं की युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. पानं जुळवायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रामच्या फाइली निघाल्या तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा, माझ्या बऱ्याच उघडल्या.

पासवर्डचं विचारलं नाहीत, पण निघालाच तर सॉफ्टवेअर शोधण्याआधी माणूस शोधा. आमच्या एका रारला होता. ज्याने सीडी केली तो आता पर्यटकांना गाड्या भाड्याने देतो. त्याला गाठलं, तर हसून म्हणाला, "सगळ्यांक एकच लायतालों, दुकानाचो फोन." तो नंबर टाकला, चालला नाही. मग लक्षात आलं, तेव्हा आपले नंबर सहा आकडी होते, पुढचा २ नंतर लागला. २ काढला आणि फाइल उघडली. आत १९९८च्या जत्रेतल्या नाटकाची संहिता होती, तिसरा अंक सोडून.

तुम्ही आधी 'फाइल' आज्ञा तिन्ही तुकड्यांवर आणि एसवर चालवा आणि ती जे दाखवेल ते जसंच्या तसं खाली टाका. पहिला तुकडा रार निघाला नाही, तर वरचं अर्धं उत्तर बदलेल.