खानापूर भागात कोंबड्यांचे पाणी गोठू नये म्हणून हीटर घ्यावा का?

आपल्या परड्यात 25 गावरान कोंबड्या आहेत, मार्गशीर्ष लागल्यापासून अंडी कमी झाली आहेत आणि परदेशातील व्हिडिओ पाहून पिण्याच्या भांड्याखाली ठेवायची विजेची थाळी मागवावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मागवू नये. पाणी गोठायला तापमान शून्य अंशापर्यंत उतरावे लागते आणि आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, अगदी कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यातही, पहाट कितीही बोचरी असली तरी पारा तेथवर जात नाही. इतक्या वर्षांत माझ्या खुराड्यातील भांड्यावर बर्फाचा पापुद्रा मी एकदाही पाहिलेला नाही.

जेथे पाणी खरोखरच गोठते, तेथील लोक रात्री भांडे रिकामे करून ठेवतात, सकाळी कोमट पाणी भरतात, दिवसातून दोन-तीनदा ते बदलतात, किंवा पत्र्याच्या डब्यात कमी वॅटचा बल्ब लावून त्यावर लोखंडी ड्रिंकर ठेवतात. हा बल्बचा प्रयोग मीही एकदा हौसेने करून पाहिला. माझा ड्रिंकर प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्याचा तळ मऊ पडून वाकला, पाणी तापलेल्या बल्बवर गळले आणि काच फुटली. भाताच्या तुसाच्या अंथरुणाजवळ हे घडले, यातच काय ते आले.

आपल्या भागातील अडचण बर्फाची नाही, गार पाण्याची आहे. रात्रभर उघड्यावर राहिलेले पाणी सकाळी इतके गार असते की, कोंबडी एकदा चोच बुडवते, मान वर करून घोट गिळते, डोके झटकते आणि निघून जाते. अंड्याच्या आतील सुमारे पाऊण भाग पाणीच असतो आणि कोंबडी पाणी कमी प्यायली की दाणाही कमी खाते, त्यामुळे याचा परिणाम अंड्यांवर होतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटरपर्यंत पाणी पिते. गावरान थोडे कमी पीत असल्या, तरी आपल्या 25 कोंबड्यांसाठी पाच-सहा लिटर धरावे आणि संध्याकाळी किती उरले ते आठवडाभर पाहावे.

कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत, म्हणून त्या खुराड्यात शिरल्या की मी भांडे ओतून पालथे घालतो. सकाळी काथ्याने आतील कड घासतो, कारण बोटाला लागणारा बुळबुळीत थर थंडीतही धरतोच. मग बंबातील एक तांब्या कडकडीत पाण्यात तीन तांबे विहिरीचे पाणी मिसळतो. हाताला ऊबही लागू नये आणि गारवाही वाटू नये, एवढे पुरे. गरम पाण्याकडे कोंबड्या पाठ फिरवतात. भांडे उन्हाच्या कवडशात, विटेवर, त्यांच्या पाठीच्या उंचीला ठेवावे, म्हणजे त्यात कचरा पडत नाही.

एका बाबतीत मात्र कोमट पाणी टाळावे. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पाण्यातून देत असाल, तर ती जिवंत विषाणूची असल्यामुळे उष्णतेने आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनने निकामी होते. त्या दिवशी विहिरीचे गारच पाणी घ्यावे आणि ते एक-दोन तासांत संपेल एवढेच ठेवावे. हिवाळ्यात कोंबड्यांना तहान कमी असते, त्यामुळे लस देण्यापूर्वी एक-दोन तास भांडे उचलून ठेवले नाही तर निम्मी लस तशीच उरते, आणि मग लस देऊनही रोग आला म्हणून आपण लशीला दोष देत बसतो.

अंडी केवळ पाण्याने पूर्ववत होतील, असे मी म्हणणार नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस 11 तासांहून थोडाच मोठा असतो, तर अंडी देत राहण्यासाठी कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. शिवाय काही कोंबड्या याच दिवसांत पिसे झाडतात. खुराड्यात छतालगत, पाण्यापासून दूर, एक लहान एलईडी दिवा पहाटे दोन-तीन तास लावून पाहावा. थाळीसाठी काढलेले पैसे उरतील, त्यांतून वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावावे. फक्त वर वीतभर फट ठेवावी, नाहीतर विष्ठेच्या वाफेने कोंबड्यांचे डोळे चुरचुरू लागतात.